घर क्रमांक एक्केचाळीस

२०३४ सालच्या मार्चमध्ये बार्शीच्या आरोग्य केंद्रात एका पडद्यावर बोट टेकवून वैजयंतीनं ‘हो’ म्हटलं. ते वडिलांना विचारून म्हणायला हवं होतं, हे तिच्या ध्यानात यायला तीन आठवडे लागले.

त्या वर्षापासून ऐंशीच्या पुढच्या प्रत्येकाला नवं औषध सुरू करण्याआधी जनुकतपासणी करून घ्यावी लागत होती. कुणाच्या शरीरात कुठलं औषध किती वेळ टिकतं ते त्यावरून कळे, आणि गोळी त्या बेतानं ठरे. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, एवढंच काम. तिचे अण्णा, श्रीरंग गोविंद उंबरे, वय पंच्याऐंशी, काडी फिरवून घेऊन बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसले होते. फॉर्म भरायचं लेकीकडे होतं. शेवटचा प्रश्न असा होता: आप्तशोधासाठी हा नमुना वापरण्यास संमती आहे का?

वैजयंती अठ्ठावीस वर्षं दहावीला विज्ञान शिकवत होती. आनुवंशिकतेचा धडा आला की ती मुलांना घरचा तक्ता करून आणायला सांगायची. कुणाला जिभेची पन्हळ करता येते, कुणाच्या कानाची पाळी सुटी, कुणाची चिकटलेली. मुलं पणजी-खापरपणजीपर्यंत पोचत. तिचा स्वतःचा तक्ता आईच्या बाजूनं भरगच्च होता. वडिलांच्या बाजूला मात्र तो एकाच नावाशी थांबत होता: गोविंद उंबरे. या माणसाचा फोटो नव्हता, गाव माहीत नव्हतं, भाऊबंद नव्हते. आजी, म्हणजे द्वारकाबाई, एवढंच सांगायची की अठ्ठेचाळीस साली निजामाच्या मुलखातून जी माणसं सरहद्द ओलांडून बार्शीला तळ टाकून राहिली त्यांच्यात तो होता, आणि मूल पोटात असताना पटकीनं गेला.

द्वारकाबाई नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात आया होती. तिनं एकटीनं मुलाला वाढवलं. मुलानं पुढे टायपिंग इन्स्टिट्यूट काढली, आणि बार्शीतले निम्मे कारकून तिथल्या यंत्रांवर बोटं बडवून तयार झाले. द्वारकाबाई १९९३ साली गेली. शेवटपर्यंत कपाळ मोकळं आणि हात ओका. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावलं नाही, आणि तिनंही त्याची खंत कधी बोलून दाखवली नाही.

तीन आठवड्यांनी वैजयंतीच्या फोनवर कुलवेधचा, म्हणजे आप्त शोधणाऱ्या सरकारी यंत्रणेचा, निरोप आला. आपल्या वडिलांचे निकटचे रक्तसंबंधी सापडले आहेत, तपशिलासाठी सोलापूरच्या अभिलेख केंद्रात समक्ष यावे, असं त्यात होतं. ती शाळेच्या व्हरांड्यात उभी होती. उन्हामुळे शाळा तेव्हा सकाळी दहालाच सुटत, आणि शेवटच्या वर्गाची मुलं तिच्या दोन्ही बाजूंनी धावत फाटकाकडे चालली होती. तिनं तो निरोप दोनदा वाचला. घरी गेल्यावर अण्णांना ती काही बोलली नाही.

कुलवेध म्हणजे नेमकं काय, हे तिला वर्तमानपत्रातून माहीत होतं तेवढंच. केंद्रात सबा मुजावर नावाच्या अभिलेखपाल बाईंनी तिला ते नीट समजावून सांगितलं. सबा तिशीतली होती, आवाज हळू, हातात सुती मोजे. शिक्षिकेला शिकवायचं म्हणून ती आधी थोडी अवघडली, पण वैजयंतीनं तिला मोकळं केलं.

माणसाच्या तेवीस जोडी गुणसूत्रांपैकी एक, वाय म्हणतात ते, बापाकडून फक्त मुलाकडे जातं, आणि जवळजवळ जसंच्या तसं जातं. वैजयंतीला हे ऐकताना अण्णांच्या इन्स्टिट्यूटमधलं एक जुनं यंत्र आठवलं. त्याच्या ‘र’चा शेंडा तुटला होता. त्या यंत्रावर टाइप केलेला अर्ज कुठल्याही कचेरीत गेला तरी तो कुठून आला ते अण्णा लांबून ओळखत. वायचंही तसंच. पिढ्यान् पिढ्या नक्कल होताना त्यात कुठेतरी एखादं अक्षर तुटतं, आणि मग ती तुटकी खूण त्या घराण्यातल्या प्रत्येक पुरुषात उतरत जाते. पण खुणेवरून यंत्र कळतं, टाइप करणारा कळत नाही. एका घराण्यात पुरुष पुष्कळ असतात. स्वतः वैजयंतीकडे तर ते गुणसूत्र नव्हतंच. अण्णांपाशी ती नक्कल संपत होती.

बाकीची गुणसूत्रं निराळी वागतात. ती दर पिढीला पिसली जातात आणि निम्मी निम्मी वाटली जातात. त्यामुळे दोन माणसांत किती टक्के सारखं आहे यावरून नात्याचं अंतर मोजता येतं. अण्णांचा नमुना जुळला होता तो अजित गोंजारी नावाच्या बावन्न वर्षांच्या गुरांच्या डॉक्टरशी. राहणार बोरजाई, तालुका माण. वाय तोच, आणि बाकीचं साडेबारा टक्के सारखं. एवढं साम्य असेल तर दोनच शक्यता उरत होत्या. अण्णांचे वडील एक तर अजितचे आजोबा असावेत, नाही तर पणजोबा.

“इथपर्यंत रक्तानं सांगितलं,” सबा म्हणाली. “पुढचं कागदानं.”

१९५१ची शिरगणती झाल्यावर गावोगावची एक नोंदवही करण्यात आली होती. घर क्रमांक, माणसाचं नाव, कुटुंबप्रमुखाशी नातं, वय, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, लग्नाची स्थिती, धंदा. असल्या वह्या कुठे वाळवीनं खाल्ल्या, कुठे भिजल्या, कुठे तहसिलाच्या माळ्यावर दोरीनं बांधलेल्या तशाच राहिल्या. मोडीत किंवा घाईच्या बाळबोधीत लिहिलेली ती पानं वाचणारं यंत्र आलं, आणि मग जन्ममृत्यूची रजिस्टरं, सरकारी नोकरांची सेवापुस्तकं, बदल्यांचे हुकूम, सगळंच एका जाळ्यात विणलं गेलं. रक्तानं दोन नावं पुढे केली की त्यातलं कोण, कुठल्या साली, कुठल्या गावात होतं हे कुलवेध शोधून काढी. अजितचे पणजोबा १९४४ सालीच वारले होते. आजोबा आत्माराम सावळाराम गोंजारी सरकारी खात्यात देवी टोचणारे होते, आणि १९४७ ते ४९ या काळात त्यांची नेमणूक बार्शीला, निर्वासितांच्या तळांवर होती.

दुसऱ्या बाजूनं कुलवेधनं गोविंद उंबरे यालाही शोधलं होतं. तळांच्या याद्यांत तो नव्हता, पटकीच्या मृत्यूंत नव्हता, सरहद्दीच्या अलीकडे नव्हता आणि पलीकडेही नव्हता. उंबरे हे द्वारकाबाईचं माहेरचंच आडनाव निघालं. पडद्यावर त्याच्या नावासमोर लिहिलं होतं: ही व्यक्ती अस्तित्वात असल्याचा पुरावा नाही.

वैजयंती ते वाक्य बघत राहिली. तिच्या वडिलांच्या नावाच्या मधोमध पंच्याऐंशी वर्षं जो माणूस उभा होता, तो कुणी नव्हताच. दर सर्वपित्री अमावास्येला अण्णा ज्याच्या नावानं पान वाढत होते, तोही हाच.

सबानं मग एक पान पडद्यावर आणलं. हे दाखवायलाच समक्ष बोलावलं, असं ती म्हणाली. बोरजाई, घर क्रमांक एक्केचाळीस. आत्माराम, वय एकतीस. त्याची आई. बायको सरूबाई. मुलगी अनुसया, वय पाच. मुलगा हणमंत, वय आठ महिने. या पाच ओळींच्या खाली सहावी ओळ होती आणि तिच्यावरून एक आडवी रेघ मारलेली होती. रेघेखालचं अक्षर स्वच्छ वाचता येत होतं: श्रीरंग, मुलगा, वय २.

पानाच्या तळाशी गणकाची सही होती. गावची शिरगणती करायला ज्यांना नेमलं होतं त्यांच्यात आत्माराम स्वतःच होता. आपलं घर त्यानं आपल्या हातानं लिहिलं होतं.

सबा म्हणाली, नियमाप्रमाणे माणूस जिथे राहतो तिथेच मोजायचा. बार्शीतलं मूल बार्शीत मोजलं जाणार, तेव्हा खोडणं बरोबरच होतं. यंत्रानं त्या ओळीला लेखनदोष म्हणून बाजूला टाकलं होतं. “मला तसं वाटलं नाही,” ती म्हणाली. “म्हणून तुम्हाला बोलावलं.”

निघताना तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. हा दुवा आपोआप कायम होत नाही. अण्णांनी नव्वद दिवसांत अंगठा टेकवला तरच होतो. पण एकदा कायम झाला की जोडलेल्या साऱ्या जुन्या नोंदी दुरुस्त होतात, आणि ऐंशी वर्षांहून जुन्या नोंदी कुणालाही बघता येतात. अण्णांच्या नावात वडील म्हणून आत्माराम येईल. आणि बार्शीच्या वहीत द्वारकाबाईच्या पुढे ‘विधवा’ आहे, तिथे ‘अविवाहित’ येईल.

वैजयंतीनं अकरा दिवस ते पोटात ठेवलं. नवरा नोकरीनं नांदेडला, मुलगी बंगळुरात. घरात बोलायला अण्णाच होते, आणि नेमकं त्यांच्याशीच बोलता येत नव्हतं. ते सकाळी दाढी करत, पेपर वाचत, कुणाच्या तरी अर्जातल्या चुका लाल शाईनं सुधारून देत. गल्लीतली पोरं अजूनही सरकारी परीक्षेचा अर्ज भरण्याआधी त्यांना दाखवून नेत. ती त्यांच्याकडे बघे आणि मनाशी म्हणे, यांचं आता काय अडलंय? मग दुसरं मन म्हणे, तू कोण ठरवणार?

बाराव्या दिवशी दुपारी चहा घेताना तिनं सगळं सांगितलं, काही न गाळता. अण्णांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. तिचं संपल्यावर त्यांनी कप खाली ठेवला आणि जे विचारलं ते तिनं मनात धरलंच नव्हतं. संमतीच्या प्रश्नावर हो कुणी म्हटलं, असं त्यांनी विचारलं. तिनं कबूल केलं.

“माझ्या नावावर तू सही केलीस,” ते म्हणाले. “मी चाळीस वर्षं पोरांना काय शिकवलं? टाइप कुणीही करावं. सही ज्याची त्यानं करावी.”

दोन दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिनं क्षमा मागितली तेव्हा त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची होती की नकाराची ते तिला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून दाराशी उभे होते. त्यांना ते पान बघायचं होतं. पडद्यावर नको, कागद हवा होता.

सबानं मूळ वही काढून आणली. मऊ उशीवर ठेवून पान उघडलं आणि अण्णांना भिंग दिलं. अण्णांनी आधी पूर्ण पान वाचलं, एक्केचाळीसच्या आधीची घरंसुद्धा. मग सहाव्या ओळीवर ते बराच वेळ वाकून राहिले. वैजयंती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, पण तिथे दिसलं ते तिच्या लहानपणापासूनच्या ओळखीचं होतं. शिकाऊ पोराचा कागद तपासताना ते असेच दिसत.

“रेघ मारली तेव्हा शाई ओली होती,” शेवटी ते म्हणाले. “श्रीरंगमधला ‘रं’ बघा. त्याचं टिंब रेघेबरोबर ओढलं गेलंय. वरच्या घरांत चुका खोडल्यात त्या वाळल्यावर खोडल्यात, तिथं टिंबं जागच्या जागी आहेत.”

सबानं वाकून बघितलं. यंत्राला हे दिसलं नव्हतं, आणि तिलाही.

“म्हणजे लिहिलं आणि लगेच खोडलं,” वैजयंती म्हणाली.

“हातानं लिहिलं. मग त्याला कळलं, आपण काय लिहिलं ते.”

सबा आत गेली आणि आणखी एक रजिस्टर घेऊन आली. अण्णा स्वतः येणार हे कळल्यावर तिनं ते शोधून ठेवलं होतं. बार्शी, १९४९, देवी टोचल्याची नोंद. श्रीरंग, आई द्वारका, प्रसूतिगृहाची चाळ, वय चार महिने. बापाच्या नावाचा रकाना कोरा. टोचणाऱ्याची सही तीच, बोरजाईच्या पानाच्या तळाशी होती ती. अण्णांचा उजवा हात डाव्या दंडावर गेला आणि सदऱ्यावरून तिथेच थांबला. त्यांच्या पिढीतल्या साऱ्यांच्याच दंडावर तो वण असे.

दुवा कायम केल्यावर द्वारकाबाईच्या नोंदीचं काय होईल, ते सबानं त्यांनाही सांगितलं. अण्णांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

परतीच्या बसमध्ये वैजयंतीनं तिचं म्हणणं मांडलं. जे खरं आहे ते लिहिलं जावं. आणि लग्न न करता आई होण्यात लाज वाटायचे दिवस कधीच गेले. तिच्याच वर्गात तशा दोघींची मुलं होती, मुलांनीही कधी चेहरा पाडला नव्हता. उलट आजीनं केवढं धाडस केलं ते जगाला कळेल. अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते. वैराग मागे पडलं तेव्हा ते म्हणाले की अजून दिवस आहेत, आणि त्या गोंजाऱ्यांकडे कुणी आत्मारामला पाहिलेलं हयात असेल तर आधी तिथं जाऊन येऊ.

हयात होती. अजितचा बाप हणमंत सात वर्षांपूर्वी वारला होता, पण त्याच्याहून मोठी बहीण अनुसया, वय अठ्ठ्याऐंशी, बोरजाईतच भाच्याकडे राहत होती. अजितशी वैजयंतीचं फोनवर बोलणं झालं. माणूस सरळ होता. त्यानं सांगितलं, कुलवेधचा निरोप आला त्या दिवसापासून आत्या रोज विचारतीय, तो आला का म्हणून. तिला सगळं आधीपासून माहीत होतं की काय कोण जाणे, पण विचारलं तर म्हणते, त्यालाच सांगीन.

मेच्या अखेरीस दोघं दहिवडीपर्यंत बसनं गेली. तिथून अजितनं त्यांना गाडीतून नेलं. माणचा माळ तसाच उघडा होता, पण त्यावर आता दूरवर सौरपट्ट्यांच्या रांगा उभ्या होत्या आणि त्यांच्या सावलीत मेंढ्या बसल्या होत्या. अजित वाटेत गुरांच्या आजारांबद्दल बोलत राहिला. अण्णा मधूनमधून हुंकार देत होते. गाडी गावात शिरल्यावर त्यांनी खिशातून कंगवा काढून केस सारखे केले. वैजयंतीनं ते पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

अनुसयाबाई ओसरीवर खाटेवर बसली होती. बारकी, काळीसावळी, डोळ्यांवर जाड काच. तिनं अण्णांना समोर खुर्चीवर बसवलं आणि चहा येऊन कप रिकामे होईपर्यंत नुसतं बघून घेतलं. मग कुणी विचारण्याआधीच तिनं सुरुवात केली.

शिरगणतीच्या पुढच्या वर्षीची गोष्ट होती. तिचा बाप म्हसवडच्या बाजारातून लहान पोराचा नवा सदरा आणि चड्डी घेऊन आला. कापड पिवळं होतं, बारीक रेघांचं. हणमंत तेव्हा दीड वर्षांचा, त्याला ते ढगळ झालं असतं, म्हणून आईनं विचारलं की हे कुणाला. बाप काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी ते कापडं घेऊन तो बार्शीला गेला. तीन दिवसांनी परत आला तेव्हा पिशवीत कापडं तशीच होती. पुढं हणमंत मोठा झाल्यावर तीच त्यानं घातली, फाटेस्तोवर.

“मला तवा काय कळतंय,” ती म्हणाली. “आय मरताना बोलली. तिला बापानंच सांगितलं हुतं समदं, परत आल्यावर. चाळीच्या दारात गेला, तर पोरगं उंबऱ्यात खेळत हुतं. हाक मारली. तवर ती बाई भाईर आली. तिला कळलं हुतं ह्याचं लगीन झालंय, घरी पोरं हायत. तिनं पोराला उचललं, कडंवर घेतलं, आन् ह्याच्या तोंडावर सांगितलं, ह्या पोराचा बाप पटकीनं मेलाय. कापडं नकोत.”

अजित भिंतीला टेकून उभा होता. त्यानं हे पहिल्यांदाच ऐकलं हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. वैजयंतीला आजी आठवली, तिच्या शेवटच्या दिवसांतली, पातळाचा पदर डोक्यावरून घेऊन दारात बसलेली. त्या बाईनं एका जिवंत माणसाच्या तोंडावर त्याला मारलं होतं, आणि मग चाळीस वर्षं त्याचं वैधव्य पाळलं होतं. तिच्या कपाळावर जे नव्हतं ते कुणी तिच्याकडून काढून घेतलेलं नव्हतं, तिनं स्वतः ठेवून दिलेलं होतं.

अण्णांनी विचारलं, पुन्हा गेले का ते कधी बार्शीला? अनुसयाबाईनं मान हलवली. गेला नाही. बार्शीचं नाव निघालं की उठून गोठ्यात जायचा.

मग अजितनं बेतानं विषय काढला. त्यानं आतून अंगठा टेकवायची कुलवेधची पडद्याची पाटी आणली आणि अण्णांच्या शेजारी तिपाईवर ठेवली. त्याच्या बाजूची संमती त्यानं कधीच दिली होती. आत्याची इच्छा होती की तिच्या डोळ्यांदेखत व्हावं. एकतीस दिवस उरले होते, पण काका इथे आलेच आहेत तर, असं तो म्हणाला. काका हा शब्द त्यानं पहिल्यांदा वापरला आणि वापरल्यावर थोडा थांबला.

पाटीवर सहाही ओळी दिसत होत्या. खाली अंगठ्याची जागा उजळलेली होती. अण्णांनी चष्मा पुसला, घातला, सगळं वाचलं. मग पाटी उचलून अजितच्या हातात परत दिली.

“नको,” ते म्हणाले.

अजितला वाईट वाटलं. त्यानं विचारलं, तुम्हाला पटत नाही का हे? अण्णा म्हणाले, पटतंय. रक्त खोटं बोलत नाही आणि ती शाई मी स्वतः तपासली.

वैजयंती न राहवून मध्ये बोलली. आजीची लाज वाटते म्हणून थांबताय का, असं तिनं विचारलं.

“लाज नाही, वैजू. शिरगणतीवाला आईच्या दारात आला, त्यानं विचारलं, आणि तिनं सांगितलं, मी विधवा. ते तिचं सांगणं आहे. तिनं ते आयुष्यभर निभावलं. मी आता अंगठा टेकवला तर तिच्या वतीनं दुसरंच कुणी उत्तर देणार. ती सही माझी नाही.” त्यांनी जरा दम घेतला. “आणि आत्मारामांनी जे खोडलं ते त्यांनीच खोडलंय. ते पुन्हा लिहायला मी कशाला हवा? खोडलेलं वाचता येतंय. मला तेवढं पुरे.”

वैजयंतीकडे त्याला उत्तर होतं. खरं काय आणि नोंद काय, यावर ती तासभर बोलली असती. पण मार्चमधला तो पडदा आणि आपलं टेकवलेलं बोट तिला आठवलं, आणि ती गप्प राहिली. अजितनं पाटीकडे एकदा बघितलं, मग ती बंद करून कोनाड्यात ठेवून दिली.

अनुसयाबाई काय म्हणेल याची सगळ्यांना धास्ती होती. ती इतके दिवस वाट बघत बसली होती. तिनं काच काढून पदरानं डोळे पुसले, काच परत लावली.

“कागदाचं ऱ्हाऊ दे तिकडं,” ती म्हणाली. “आलास तवापास्नं खुर्चीत बसलायस. पाया पड की. तीन वर्सांनी थोरली हाय मी.”

आईखेरीज अण्णांना वाकायला घरात वडीलधारं असं कुणी कधी नव्हतंच. ते उठले. वैजयंती धरायला पुढे झाली, तर त्यांनी हातानंच तिला थांबवलं. एका हातानं खाटेचा माचवा पकडून, गुडघे एक एक करून वाकवत ते खाली झाले आणि म्हातारीच्या पायांवर त्यांनी हात ठेवला. अनुसयाबाईनं त्यांच्या डोक्यावर तळवा टेकवला. तो तिनं लगेच उचलला नाही.

“ऊठ आता,” ती म्हणाली. अजितनं आणि वैजयंतीनं दोन्हीकडून धरून त्यांना उठवलं. म्हातारी खाटेवर सरकली आणि तिनं शेजारची जागा हातानं झाडली.

“आन् सांग. आय कशी हुती तुझी?”

अण्णा तिच्याशेजारी टेकले. सुरुवात कुठून करावी ते त्यांना सुचेना. मग त्यांनी सांगायला घेतलं, की ती फार हळू बोलायची, पण प्रसूतिगृहात कुठल्या खोलीत मूल रडतंय ते तिला रस्त्यावरून ओळखू यायचं.